‘का’ची खूण

चांगल्या मुलाचे मराठीतले सगळ्यात छोटे वर्णन कोणते? ‘ऐकणारे मूल’. ते आईचे ऐकते, बाईंचे ऐकते, मोठ्यांचे ऐकते. जे हाताबाहेर जाते, ते ‘अजिबात ऐकत नाही’. चुकले तर आपण त्याची कानउघाडणी करतो, फारच झाले तर कान पिळतो. एखादी गोष्ट त्याला ठाऊक असावी असे वाटले तर ती त्याच्या कानावर घालतो. ज्याला पुष्कळ कळते तो बहुश्रुत, म्हणजे पुष्कळ ऐकलेला. ज्ञानाची वाटही परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशीच सांगितली आहे. पहिली पायरी कानाची. शहाणपण आणि सदाचार कानावाटे आत येतात, ही आपल्या भाषेची जुनी समजूत आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही.

मग ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याचे काय? त्याच्यापर्यंत शहाणपण कोणत्या वाटेने पोचते? बरे काय आणि वाईट काय, हे त्याला कोण सांगते, कशाने सांगते? सांगितलेले त्याला पटले की नुसतेच पाठ झाले, हे ओळखायचे कसे?

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचारांचे आणि मूल्यशिक्षणाचे क्षेत्र या प्रश्नांभोवती उभे आहे. लांबून पाहणाऱ्याला तो विशेष शिक्षणातला एक आडबाजूचा कोपरा वाटेल, आणि तसे वाटण्यात वाचकांचा काही दोष नाही. आजवर तो तसाच दाखवला गेला. ही प्रस्तावना त्या कोपऱ्यात अजून न डोकावलेल्या वाचकासाठी आहे. तुम्ही कर्णबधिर मुलाचे पालक असाल, विशेष शाळेत नुकतेच रुजू झालेले शिक्षक असाल, तुमच्या नेहमीच्या वर्गात यंदा प्रथमच श्रवणयंत्र लावलेली एक मुलगी येऊन बसली असेल, किंवा माणूस विचार कसा करतो याचे तुम्हाला नुसते कुतूहल असेल. खुणांची भाषा येत नसली तरी हरकत नाही. शेवटी ती शिकावीशी वाटली, तर या पानांचे काम झाले.

सुरुवात एका घरगुती प्रसंगापासून करू. चार वर्षांचे मूल शेजारच्या घरातली खेळण्यातली गाडी उचलून आणते. मूल ऐकणारे असेल तर आई म्हणते, “अरे, ही त्या दादाची ना? तो शोधत बसेल, रडेल. तुझी गाडी कोणी नेली तर तुला कसे वाटेल? चल, देऊन येऊ.” बोलायला अर्धे मिनिटही लागले नाही, पण मालकी म्हणजे काय, दुसऱ्याचे दुःख कसे असते, त्याच्या जागी स्वतःला कसे ठेवायचे आणि झालेली चूक निस्तरायची कशी, एवढे सगळे त्यात येऊन गेले. आता तेच मूल कर्णबधिर आहे, आणि आईला खुणांची भाषा येत नाही. तिच्यापाशी काय उरते? नकारार्थी हललेली मान, वटारलेले डोळे, हातातून काढून घेतलेली गाडी. मूल यातूनही शिकते. ते शिकते की, आई बघत असताना गाडी घ्यायची नाही.

नियम हातवाऱ्यांनी सांगता येतो. कारण सांगायला भाषा लागते. या क्षेत्रातले बहुतेक सगळे संशोधन, वाद आणि वर्गातले प्रयोग या एका वाक्यातून फुटलेल्या फांद्या आहेत. वाचकांनी ते मनाशी धरून पुढे जावे.

यात त्या आईला दोष देण्याचे कारण नाही. 2011च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे 50 लाख लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. जन्मतः किंवा लहानपणी ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे घरात बहुधा त्या मुलाशिवाय दुसरे कोणीच कर्णबधिर नसते. निदान व्हायला वेळ जातो, मग श्रवणयंत्र, वाचा उपचार, डॉक्टरांच्या फेऱ्या. या धावपळीत भाषेची सगळ्यात सुपीक वर्षे निघून जातात.

शिवाय ऐकणारी मुले जे शिकतात त्यातले निम्मेशिम्मे कोणी त्यांना शिकवत नाही. ते कानावर पडते. आई-बाबांची पगारावरची कुजबुज, आत्याचे फोनवरचे गाऱ्हाणे, भाजीवाल्याशी झालेली घासाघीस, ‘आपण बोलायला नको होते’ ही रात्रीची हळहळ. मोठी माणसे कारणे कशी देतात, मत कसे बदलतात, माफी कशी मागतात, हे मूल जमिनीवर खेळता खेळता टिपत असते. कर्णबधिर मूल त्याच पंगतीला बसलेले असते. सगळे हसले की ते हसते, काय झाले म्हणून विचारले की ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते, आणि ते ‘नंतर’ बहुधा येत नाही.

आपल्या संस्कारांची साधनेही पाहा. ‘श्यामची आई’ची रचनाच रात्रींची आहे: पहिली रात्र, दुसरी रात्र, दिवेलागणीनंतर श्याम सांगतो आणि भोवतालचे ऐकतात. चिऊ-काऊची गोष्ट आपण वाचलेली नसते. भात भरवताना कोणीतरी ती सांगितलेली असते. मेणाचे घर, शेणाचे घर, पाऊस, दारावरची टकटक. ज्या मुलाला ही गोष्ट मिळालीच नाही, त्याचा एक मनोरंजनाचा घास तर चुकलाच. शिवाय भिजणाऱ्या कावळ्याला दाराबाहेर किती वेळ उभे करावे, हा त्याच्या आयुष्यातला पहिला नैतिक प्रश्नही चुकला.

आता थोडे मागे जाऊ, कारण या विषयाचे आजचे रूप त्याच्या इतिहासाशिवाय कळत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला विचार करता येत नाही, आणि विचार नाही तर नीतीही नाही, ही समजूत पूर्वेकडे होती तशी पश्चिमेकडेही होती. मनुस्मृतीने जन्मांध आणि जन्मबधिर व्यक्तींना वारशातला वाटा नाकारला; पोटगीचा हक्क तेवढा ठेवला. निव्वळ शारीरिक व्यंगापोटी वारसा नाकारण्याची ही रूढी कायद्याने संपायला 1928 साल उजाडावे लागले. याउलट 1872च्या पुराव्याच्या कायद्यात एक मोठी उमदी तरतूद होती. बोलू न शकणारा साक्षीदार न्यायालयासमोर लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकत होता, आणि ती साक्ष ‘तोंडी’ साक्षच मानली जात होती. खुणांनी दिलेली साक्ष तोंडी! कायद्याच्या या कोरड्या कलमात आपल्या विषयाचे बीज आहे: माणूस सत्य सांगतो ते जिभेने की हाताने, याने सत्याला फरक पडत नाही. 2023च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा ते बीज किती वाढले आहे हे देशाने पाहिले.

शाळांचा इतिहास अठराव्या शतकातल्या पॅरिसपासून सांगण्याची पद्धत आहे. तिथे आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुले आपसांत ज्या खुणा वापरतात त्यांचाच आधार घेऊन त्यांना शिकवायला सुरुवात केली. त्याच्या परंपरेत तयार झालेल्या झाँ मास्यू या विद्यार्थ्याची गोष्ट वाचकांनी अवश्य शोधून वाचावी. वयाची तेरा-चौदा वर्षे त्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. घरातली भावंडेही कर्णबधिर असल्याने घरच्या घरी तयार झालेल्या खुणा तेवढ्या त्याच्यापाशी होत्या. पुढे तो शिक्षक झाला, आणि भरल्या सभेत लोक त्याला विचारत: कृतज्ञता म्हणजे काय? आशा म्हणजे काय? त्याची उत्तरे ऐकायला पॅरिस लोटत असे. त्याचाच विद्यार्थी लोराँ क्लेर अमेरिकेला गेला आणि 1817 साली हार्टफर्ड येथे निघालेल्या शाळेच्या उभारणीत त्याचा वाटा होता. अमूर्त कल्पना कर्णबधिर मुलांना झेपत नाहीत, असे आजही कोणी म्हणाले तर त्याला दोनशे वर्षांमागचा मास्यू दाखवावा.

पण 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकणारे. शिक्षण मौखिक पद्धतीनेच व्हावे, खुणा नकोत, असा ठराव तिथे झाला आणि त्याची सावली जगभरच्या शाळांवर पडली. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा म्हणून जिचा उल्लेख होतो ती मुंबईची शाळा त्याच दशकात निघाली. कलकत्त्याची शाळा 1893 साली. आपल्याकडेही मुलांचे हात आवरून त्यांना ओठ वाचायला आणि उच्चार करायला शिकवण्याची वहिवाट पडली. उच्चार शिकण्यात वाईट काही नाही. प्रश्न वेळेचा आहे. एक ‘प’ आणि एक ‘ब’ वेगळा काढण्यात वर्गाची सकाळ गेली, तर ‘का?’ विचारायला उरते ती मधली सुट्टी. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकूव्हर येथे खेद व्यक्त केला तो 2010 साली, म्हणजे एकशे तीस वर्षांनी.

दरम्यान भाषाशास्त्राने आपले काम केले होते. विल्यम स्टोकी यांनी 1960 साली अमेरिकन खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखवली आणि ती पूर्ण भाषा आहे हे मांडले. भारतीय सांकेतिक भाषेचेही असे स्वतःचे व्याकरण आहे. ते मराठी किंवा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे. तिच्यात प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. गंमत अशी की, प्रश्नार्थक अशी एक सर्वसाधारण खूण अनेक प्रश्नांना पुरते: चेहऱ्याच्या खुणेला ती जोडली की ‘कोण’, जागेच्या खुणेला जोडली की ‘कुठे’, वेळेच्या खुणेला जोडली की ‘केव्हा’. ‘काय’ आणि ‘का’ यांतला फरक संदर्भ सांगतो. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. 2021पर्यंत त्याच्या शब्दकोशात दहा हजार नोंदी झाल्या. आणि 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे ठरवले. विचार शिकवायचा तर आधी विचार वाहून नेणारी भाषा हवी, ही गोष्ट सरकारी कागदावर यायला बराच काळ लागला; पण ती आली आहे.

इतिहासानंतर वाचकांनी मानसशास्त्राकडे वळावे, आणि त्यासाठी पंचतंत्रातल्या माकडाला सोबत घ्यावे. मगर त्याला पाठीवर बसवून नदीच्या मध्यावर नेते आणि सांगते की, तुझे काळीज हवे आहे. माकड म्हणते, ‘ते तर मी झाडावरच ठेवून आलो!’ मगर मागे वळते. ही गोष्ट कळायला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात: काळीज खरोखर कुठे आहे, माकडाला काय ठाऊक आहे आणि मगरीला काय वाटते आहे. मगरीची समजूत चुकीची आहे, पण ती वागणार त्या समजुतीप्रमाणेच. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळे, कदाचित चुकीचे चित्र असू शकते, हे उमगणे म्हणजे चिकित्सक विचाराचा आणि नीतीचा सामाईक पाया. खोटे, फसवणूक, गैरसमज, क्षमा यांतले काहीही त्याशिवाय कळत नाही.

ऐकणाऱ्या मुलांना ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येते. कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी 1995 साली दाखवले की, ऐकणाऱ्या घरांतल्या कर्णबधिर मुलांना ती बरीच उशिरा येते. हे वाचून हळहळणाऱ्या वाचकांनी लगेच पुढचे संशोधनही वाचावे. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि जी जन्मापासून खुणांच्या भाषेत वाढली, अशी मुले या बाबतीत ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने चालतात. कान दोघांचेही सारखेच बंद; फरक पडला तो घरातल्या गप्पांनी. उणीव मुलात नसून त्याच्याशी न झालेल्या संभाषणात आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

निकाराग्वाची हकिगत त्याहूनही विलक्षण आहे. तिथे 1970च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळांत एकत्र आली आणि त्यांच्या एकमेकांशी बोलण्यातून, कोणी न शिकवता, एक नवी खुणांची भाषा जन्माला आली. आधीच्या पिढीपेक्षा धाकट्यांची भाषा अधिक समृद्ध झाली. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेनगास यांनी पाहिले की, ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’ अशा मनाच्या खुणा थोरल्यांच्या बोलण्यात थोड्या होत्या, आणि मगरीच्या गोष्टीसारखी कोडी त्यांना, प्रौढ असूनही, अवघड जात होती. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा धाकट्यांच्या सहवासात त्यांच्याकडे त्या खुणा आल्या होत्या, आणि कोडीही सुटू लागली होती. 2009 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास शिक्षकांना मोठा धीर देणारा आहे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. नैतिक विकास मोजण्याच्या प्रसिद्ध पद्धती शब्दांवर उभ्या आहेत. लॉरेन्स कोलबर्ग यांचा पेच सर्वश्रुत आहे: पत्नीचा जीव वाचवायला नवऱ्याने औषध चोरावे का? उत्तरापेक्षा उत्तरामागचे कारण तिथे तपासले जाते. असा पेच कर्णबधिर किशोराला परक्या भाषेत लिहून दिला किंवा ओठांवरून वाचायला लावला, तर मोजमाप त्याच्या नीतीचे झाले की त्याच्या मराठी-इंग्रजीचे? वाचकांनी या विषयावरचा कोणताही निष्कर्ष वाचताना आधी एक प्रश्न विचारावा: प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता, आणि ती त्या मुलाची होती का?

आता वर्गात येऊ. इथेच हे क्षेत्र सगळ्यात रंगतदार आहे. आपल्या शाळांत मूल्यशिक्षणाचा दिवस परिपाठाने उगवतो: प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बोधकथा आणि फळ्यावरचा सुविचार. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन ही मूल्ये शिक्षकांना तोंडपाठ असतात. कर्णबधिर मुले तो सुविचार सुरेख अक्षरात वहीत उतरवतात. त्यांचे अक्षर बहुधा फार नेटके असते. अर्थ विचारला तर अंगठा वर करतात: चांगले. वाईट असेल तर अंगठा खाली. या दोन अंगठ्यांच्या मध्ये जे विशाल मैदान आहे, ‘कदाचित’चे, ‘पण’चे, ‘जर-तर’चे, ‘तरीही’चे, तिथे मुलांना नेणे म्हणजेच त्यांना विचार शिकवणे.

ते कसे करावे? त्याच चिऊ-काऊकडे परत जाऊ. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतील. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागून नको. चित्र दाखवताना बोलू नका. कर्णबधिर मूल एकाच वेळी चित्र आणि हात पाहू शकत नाही. आधी चित्र, मग थोडे थांबणे, मग खुणा. गोष्ट झाली की ‘तात्पर्य काय?’ असे न विचारता दोन मुलांना उभे करा. एक चिमणी, एक कावळा. चिमणीला विचारा: दार का उघडले नाहीस? खरेच काम होते, की भीती होती? कावळ्याला विचारा: तुला काय वाटले? मग त्यांच्या जागा बदला. खुणांच्या भाषेत गोष्ट सांगणारा खांदे किंचित वळवून एका क्षणी चिमणी होतो आणि दुसऱ्या क्षणी कावळा. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हा त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. बोलक्या भाषेत आपण ‘त्याच्या बाजूने विचार कर’ असे म्हणतो; इथे ती बाजू डोळ्यांना दिसते. ही देणगी ओळखणारा शिक्षक अर्धी लढाई जिंकतो.

तयार साधनेही आहेत. मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरल कुशे यांनी 1980च्या दशकात अमेरिकेत ‘पाथ्स’ नावाचा अभ्यासक्रम आखला. राग आला की कासवासारखे अंग आवरून थांबायचे. सिग्नलच्या तीन दिव्यांप्रमाणे आधी थांबायचे, मग पर्याय शोधायचे, मग करून पाहायचे. भावनांचे चेहरे रंगवलेले पत्ते जवळ ठेवायचे. आज तो ऐकणाऱ्या मुलांच्या असंख्य शाळांत चालतो, पण मुळात तो कर्णबधिर मुलांसाठी तयार झाला होता. कर्णबधिरांच्या वर्गात सापडलेली वाट सगळ्यांच्या उपयोगी पडली, हे या क्षेत्राने थोड्या अभिमानाने सांगावे.

‘का’ शिकवण्याची निकड निव्वळ बौद्धिक नाही. आपल्याकडची पुष्कळ कर्णबधिर मुले निवासी शाळांत वाढतात. मोठ्यांचे निमूट ऐकणे एवढीच ज्यांची नीती असेल, ती मुले चुकीच्या मोठ्या माणसापुढेही निमूटच राहतील. नको असलेला स्पर्श, गुपित ठेवायला सांगणारा ओळखीचा माणूस, मोबाइलवर आलेला पैसे दुप्पट करून देणारा व्हिडिओ, या सगळ्यांपुढे उभे राहायला आज्ञाधारकपणा कामाचा नाही. ‘नाही’ची खूण, तिच्यामागचे कारण, आणि ती केल्यावर ज्याच्याकडे जाता येईल असे भाषा समजणारे माणूस, या तिन्ही गोष्टी मूल्यशिक्षणात आल्या पाहिजेत. स्वतःसाठी ठाम उभे राहता येणे हेही मूल्यच आहे.

या क्षेत्रात वाद आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांना खुणा शिकवाव्यात की नकोत, खुणांची भाषा आधी की मराठी आधी, विशेष शाळा बरी की सर्वसमावेशक, यांवर जाणकार हिरिरीने भांडतात. नव्या वाचकांनी घाईने बाजू निवडू नये. प्रत्येक युक्तिवादाला एकच कसोटी लावून पाहावी: या मार्गाने गेलेल्या मुलाशी सहाव्या वर्षी कोणी पोटभर गप्पा मारू शकेल का? भांडण झाले तर त्याची बाजू त्याला मांडता येईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या मुलापुरता तो मार्ग चांगला.

आत शिरायचा क्रम विचाराल तर तो असा ठेवावा. आधी थोडा इतिहास, म्हणजे आजच्या शाळेत काय आणि का उरले आहे ते कळेल. मग खुणांच्या भाषेची तोंडओळख. निदान शंभर खुणा, आणि त्यांत ‘वाटते’, ‘ठाऊक’, ‘विसरलो’, ‘फसवले’, ‘चुकून’ आणि ‘मुद्दाम’ या असाव्यातच. फळांची आणि रंगांची नावे सगळेच शिकतात. माणूस माणसाला कळतो तो या दुसऱ्या खुणांनी. मग मनाविषयीचे संशोधन. आणि या सगळ्याआधी, सोबत आणि नंतरही, प्रौढ कर्णबधिर माणसांचा सहवास. शाळेत एक कर्णबधिर शिक्षक असणे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचे आहे. मुले त्याच्याकडे पाहून शिकतात की, आपणही मोठे होणार, आपणही मत मांडणार, चुकणार आणि चूक कबूल करणार. ऐकणाऱ्यांना त्यांचे थेट बोलणे कधी फटकळ वाटेल. पण ज्या समाजात माहिती सहजासहजी कानावर पडत नाही, तिथे जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला स्पष्ट सांगणे हे कर्तव्य मानले जाते. ती नीती त्यांनी स्वतः घडवली आहे, आणि आपण ती शिकण्यासारखी आहे.

आरंभी आपण कानाचे शब्द मोजले. पण मराठीने विचाराला कान दिलेला नाही, हे तेव्हा सांगायचे राहिले. कोणाला थांबवून खरोखर विचार करायला सांगायचे असते, तेव्हा आपण ‘विचार करून ऐक’ असे कधीच म्हणत नाही; ‘विचार करून पाहा’ म्हणतो. जगाचा सखोल विचार मांडणाऱ्या सहा परंपरांना आपण दर्शने म्हणतो. आज्ञा ऐकायची असते, विचार पाहायचा असतो. कर्णबधिर मूल वर्गात आल्याच्या पहिल्या दिवसापासून पाहतच असते, आपल्या सगळ्यांपेक्षा अधिक बारकाईने. आणि एखाद्या दिवशी शाळेचा एखादा जुना नियम सांगून होतो न होतो तोच ते वाक्याच्या अखेरीला ‘का’ची खूण करते. तो बंडखोरपणा समजू नये. खडू खाली ठेवावा, समोर बसावे, आणि हात मोकळे करून उत्तर द्यावे.